पाठीवरच्या बॅगेत औषधं किती आणि कुठली? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात पावसाळी भटकंतीवर लिहिताना मी शेवटी एकच ओळ टाकली होती, की फर्स्ट एडची पिशवी हलकी ठेवा, आणि त्यावर इतकी पत्रं नि मेसेज आले की ह्या महिन्याचं सदर सगळं त्यालाच देतेय. मी गोव्यात फोंड्याला फार्मसीत बसते आणि सुट्टी मिळाली की ग्रुपबरोबर रानात जाते, त्यामुळे दोन्ही बाजू बघून उत्तरं देतेय. खाली दिलेले डोस मोठ्या, निरोगी माणसाचे आहेत, लहान मुलं, गरोदर बाया, लिव्हर-किडनीचा त्रास किंवा रक्त पातळ व्हायची गोळी चालू असलेले, ह्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचंच.

"ताई, आम्ही पाच जणं नेत्रावळीच्या बाजूला दोन रात्रींसाठी जातोय, वनखात्याची परवानगी काढलीय. ऑनलाइन एक रेडिमेड किट मागवलं तर ते किलोच्या वर भरलं, आत आइस पॅक, मोठी कात्री, गळ्यात अडकवायची पट्टी, डझनांनी बँडएड, वर एक जाडजूड पुस्तिका. पाठीवर आधीच तंबू, तांदूळ, पाणी आहे. ह्यातलं काय काढू नि काय ठेवू?" (एक वाचक, डिचोली)

आधी हे बघा की असली किटं ऑफिसच्या भिंतीवर नाहीतर गाडीत ठेवायला केलेली असतात, तिथे वजनाचा प्रश्न नसतो. आणि नेटवरच्या ज्या याद्या असतात त्या बहुतेक थंड कोरड्या डोंगरांच्या, त्यात बर्फानं बोटं गोठली तर काय असलं सगळं. आपल्याकडे दोनच गोष्टी धरून पिशवी भरायची, एक ओल आणि दुसरं अंतर. ओल म्हणजे पावसानं, घामानं आणि व्हाळ ओलांडून पाय दिवसभर भिजलेले, चिकटपट्टी चिकटत नाही, जखम सुकत नाही, गोळ्यांना दमट लागतं. आणि अंतर म्हणजे जिथे गाडी पोचते तिथवर यायला लागणारे दोन-तीन तास, मध्ये मोबाइलला रेंज नाही. तेवढ्या वेळात तुम्ही स्वतःच्या हातानं जे करू शकता तेवढंच बॅगेत हवं, त्याच्या पुढचं काम हॉस्पिटलचं, ते पाठीवर घेऊन जाता येत नाही.

आता ठेवायचं काय ते सांगते. पाच जणांना मिळून एक क्रेप बँडेज 10 सेंटीमीटर रुंदीचं, मोठं घ्या, लहान घेऊ नका, कारण मुरगळलेला घोटा त्यातच नीट बांधला जातो आणि हात मोडला तर काठीला बांधायला तेच लागतं. निर्जंतुक गॉजचे चार-पाच पॅक, मोठे. कापसाचा गुंडाळा नको, त्याचे तंतू जखमेत चिकटतात. झिंक ऑक्साइडची कापडी चिकटपट्टी, ही ओल्या कातडीवर कागदी पट्टीपेक्षा कितीतरी बरी धरते. बँडएड आठ-दहा पुरे. पोव्हिडोन आयोडीनच्या मलमाची सगळ्यात छोटी ट्यूब. एक चिमटा, पण बारीक टोकाचा, भुवया काढायला ब्युटी पार्लरवाले वापरतात तसा, जाड टोकाच्या चिमट्यानं काटा निघत नाही, मोडतो. दोन सेफ्टी पिना, हातमोज्यांची एक जोडी, आणि 20 एमएलची बिनसुईची सिरिंज.

सिरिंज कशाला असं खूप जण विचारतात. खरचटलं, फातरावर गुडघा फुटला की आत माती आणि शेवाळ जातं, ते मलमानं जात नाही, धुवूनच जातं. पिण्याचं स्वच्छ पाणी सिरिंजमध्ये भरून जोरात पिचकारी मारायची, परत भरायची, परत मारायची, आतला कण न् कण निघेपर्यंत. जखमेचं निम्मं काम ह्या धुण्यातच होतं. व्हाळाचं पाणी स्वच्छ दिसलं तरी जखमेवर नको. आणि डेटॉल किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड थेट ओतायचं जे आपल्याकडे घराघरात चालतं ते करू नका, त्यानं भरून येणारी नवी कातडीच जळते. रक्त थांबत नसेल तर गॉज ठेवून हातानं घट्ट दाबून धरा, दहा मिनिटं घड्याळ लावून, मध्ये मध्ये उचलून 'थांबलं का' बघायचं नाही, तसं बघितलं की बसलेली गाठ सुटते आणि परत पहिल्यापासून.

गोळ्यांत पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम एक स्ट्रिप, दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचं अंतर आणि 24 तासांत कसंही करून 4 ग्रॅमच्या वर नाही, खरं तर 3 ग्रॅममध्येच थांबावं. सेट्रिझिन 10 मिलिग्रॅमच्या चार-पाच, पित्त उठलं, गांधीलमाशी चावली, अंगाला खाज सुटली तर दिवसाला एक, पण झोप येते म्हणून कडा उतरायच्या आधी नको, कॅम्पला पोचून घ्या. ओआरएसच्या पुड्या माणशी निदान दोन. ज्याला दमा आहे त्याचा इनहेलर, ज्याला शुगर आहे त्याची औषधं आणि साखर, हे त्या त्या माणसाच्या स्वतःच्या खिशात आणि ग्रुपमधल्या आणखी एकाला माहीत असलेलं.

आइस पॅक, पुस्तिका, थर्मामीटर, मोठी कात्री हे सगळं काढा. कात्रीचं काम चाकू करतो. गळ्यात अडकवायची पट्टी ओढणीनं किंवा पंचानं होते. चिकटपट्टीचा अख्खा रोल नेऊ नका, जुनं बाद झालेलं एटीएम कार्ड घ्या आणि त्याच्याभोवती मीटर-दीड मीटर पट्टी गुंडाळा. ओआरएसच्या पुड्या सोडून बाकी सगळं मिळून 300 ग्रॅमच्या आत बसतं, वजनकाट्यावर ठेवून बघा.

एक फार्मसीवालीची विनंती. वजन कमी करायला लोक गोळ्यांच्या स्ट्रिपा कापतात आणि नेमकं नाव-एक्सपायरी छापलेलं टोक घरी राहतं, मग रानात हातात चार पांढऱ्या गोळ्या आणि कोणती कशाची कुणालाच ठाऊक नाही. कापायचीच तर छापलेल्या टोकाकडच्या गोळ्या न्या, आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या छोट्या झिपच्या पिशवीत, आत कागदावर पेन्सिलीनं नाव आणि डोस. पेननं लिहिलेलं पाण्यानं फुटतं. मग ह्या सगळ्या छोट्या पिशव्या एका मोठ्या झिपच्या पिशवीत आणि ती बॅगेच्या वरच्या कप्प्यात, तंबूच्या खाली तळाला नको.

"पायांचं काहीतरी सांगा. चोर्ल्याच्या बाजूला गेलो की दुपारपर्यंत टाचेला फोड आणि दुसऱ्या दिवशी बोटांच्या बेचक्या पांढऱ्या होऊन जळजळतात, चालवत नाही. बूट महागातले आहेत." (एक वाचक, साखळी)

तुम्ही एका पत्रात दोन वेगळी दुखणी लिहिलीत आणि दोन्हींची मुळं तुमच्या मोज्यात आहेत, बुटांत नाहीत. सुती मोजे पाणी धरून ठेवतात, भिजलेली कातडी मऊ पडते आणि मऊ कातडी घासली की लगेच सुटते, तोच फोड. लोकरीचे किंवा सिंथेटिक मोजे घ्या, दोन जोड्या चालायला आणि एक जोडी फक्त रात्री झोपायला, ती काहीही झालं तरी भिजू द्यायची नाही.

फोड यायच्या आधी अर्धा-पाऊण तास ती जागा गरम लागते, चुणचुणते. तिथेच थांबायचं. ग्रुप पुढे जातोय, मी एकटाच कसा थांबू, असं वाटून माणूस चालत राहतो आणि मग दुसऱ्या दिवशी सगळ्या ग्रुपलाच त्याच्यासाठी थांबावं लागतं. बूट काढा, पाय कोरड्या फडक्यानं टिपा, वाऱ्यावर दोन मिनिटं धरा आणि झिंक ऑक्साइडची पट्टी सपाट, सुरकुती न पाडता लावा. पट्टीचे कोपरे गोल कापलेत तर मोज्याला अडकून उचलत नाहीत. फोड आलाच आणि लहान आहे, न फुटलेला आहे तर तसाच ठेवून वर गॉज नि पट्टी. मोठा आहे आणि बूट घालवतच नाही तर सुई लायटरवर तापवून, थंड करून, खालच्या कडेला छोटं भोक पाडून पाणी काढा, वरची कातडी ओढून टाकू नका, तीच तुमची पट्टी आहे. शुगरवाल्यांनी फोड स्वतः फोडायचा नाही.

बेचक्या पांढऱ्या होतात त्या चिखल्या. त्याला क्लोट्रिमाझोलचं क्रीम आणि कोरडे पाय, दुसरा उपाय नाही. कॅम्पला पोचल्यावर पहिलं काम चहा नाही, पाय. धुवायचे, बोटा-बोटांमधून पुसायचे, क्रीम पातळ लावायचं, अर्धा तास उघडे ठेवायचे आणि मग कोरडे मोजे. पूर्ण दोन रात्री हे केलं की तिसऱ्या दिवशी फरक कळतो. क्रीम मात्र घरी गेल्यावरही दोन-तीन आठवडे चालू ठेवा, बरं वाटलं म्हणून चार दिवसांत सोडलं की पुढच्या पावसात परत येतं.

"जळवांना मीठ, तंबाखू, लायटर ह्यातलं खरं काय?" (एक वाचक, म्हापसा)

तिन्ही नकोत. मीठ टाकलं, चटका दिला की जळू सुटते हे खरं, पण सुटताना पोटातलं जखमेत ओकून जाते आणि त्यातून इन्फेक्शन होऊ शकतं. नखानं किंवा त्या एटीएम कार्डाच्या कडेनं आधी बारीक तोंडाकडची बाजू कातडीवरून सरकवून सोडवा, मग जाड बाजू, आणि लांब उडवा. जळू चावताना हिरुडिन नावाचं द्रव्य सोडते, त्यानं रक्त गोठत नाही, म्हणून थेंब थेंब रक्त बराच वेळ वाहत राहतं, तासभरही, मोजा लाल झालेला बघून घाबरायचं कारण नाही. धुवा, गॉज दाबून धरा, पट्टी लावा. खाज दोन-चार दिवस राहते, नखं लावू नका. नाकात किंवा डोळ्यात गेली असेल तर मात्र ओढाओढ न करता डॉक्टरकडे.

तंबाखूचं पाणी मोज्यांना लावतात ते तर नकोच, ओल्या कातडीतून निकोटिन अंगात जातं आणि मळमळ, चक्कर सुरू होते, मग वाटतं उन्हानं झालं. घट्ट विणीचे गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे मिळतात, त्यात पँट खोचा, झालं.

"बाय, माझा मुलगा कॉलेजच्या मुलांबरोबर रानात झोपायला जातो. सर्पाची भीती वाटते. विषावरचं इंजेक्शन बरोबर देता येईल का? त्याचा बाबा म्हणतो दोरी बांधायची नि ब्लेड ठेवायचं." (एक आई, सांगे)

ताई, तुमची भीती अगदी बरोबर आहे आणि म्हणूनच हे उत्तर जरा सविस्तर देते. इंजेक्शन बरोबर देता येत नाही. सर्पविषावरचं औषध शिरेतून, सलाइनमधून द्यावं लागतं, एक बाटली पुरत नाही, सुरुवातच आठ-दहा बाटल्यांनी होते, आणि कधी कधी त्याचीच जबर रिअॅक्शन येते जी सांभाळायला डॉक्टर, अॅड्रिनलिन, ऑक्सिजन समोर लागतो. त्यातून आपल्या देशात मिळतं ते औषध चार सर्पांच्या विषावरचं आहे, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. आपल्या घाटात जे चापडे असतात, हिरवा आणि नाकाड्या, त्यांच्या विषावर ते चालत नाही, तिथे डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात. कुठला सर्प होता, औषध द्यायचं की नाही, हे सगळं हॉस्पिटलमध्येच ठरतं, म्हणून त्याला मारायला किंवा पकडायला एक मिनिट घालवायचं नाही. लांबून फोटो निघाला तर ठीक, नाही तर राहू दे.

त्याच्या बाबांना मात्र नीट सांगा, दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. दोरीनं रक्त अडून पाय काळा पडतो आणि दोरी सोडली की साठलेलं विष एकदम अंगात जातं. ब्लेडनं कापलं आणि घोणस चावलेली असेल तर रक्त गोठतच नाही, ती जखम वाहत राहते. मुलाच्या पिशवीतून ब्लेड आणि दोरी दोन्ही काढून ठेवा.

करायचं ते असं. चावलेल्याला खाली बसवायचं, धीर द्यायचा, चालू द्यायचं नाही. अंगठी, घड्याळ, पैंजण, बूट काढायचे कारण सूज चढते. मोडलेला पाय जसा काठीला बांधतो तसा हात किंवा पाय काठीला क्रेप बँडेजनं बांधायचा, घट्ट नाही, खाली बोट सरकेल एवढा सैल, फक्त हालू नये म्हणून. वेळ बघून लिहून ठेवायची. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन द्यायचं नाही, त्यानं रक्तस्राव वाढतो, दुखत असेल तर पॅरासिटामॉल. दारू नाही, मंत्र नाही, पाला नाही. एकानं रेंज मिळेल तिथे धावत जाऊन 108 ला फोन करायचा आणि बाकीच्यांनी उचलून रस्त्यापर्यंत आणायचं. दोन मजबूत काठ्या आणि दोन-तीन शर्ट बटणं लावून त्यात घातले की स्ट्रेचर होतं, हे मुलांना घरच्या अंगणात एकदा करायला लावा, रानात पहिल्यांदा करायची वेळ येऊ नये.

आणि मण्यारीचं वेगळं सांगते कारण ती रात्री येते, जमिनीवर झोपलेल्याला अंथरुणातच चावते, बहुतेक वेळा दुखतही नाही आणि खूणही धड दिसत नाही. पहाटे कुणी उठून म्हणालं पोटात दुखतंय, घशात अडकल्यासारखं होतंय, पापण्या वर उचलत नाहीत, तर जेवण बाधलं म्हणून झोपवून ठेवायचं नाही, सर्प चावलाय असंच धरून निघायचं. तंबूची चेन पूर्ण बंद, उघड्यावर चटई टाकून झोपणं नको, रात्री लघवीला जाताना टॉर्च आणि बूट, बूट घालायच्या आधी झटकून. तुमच्या मुलाला ह्या चार सवयी लागल्या की त्याच्या बॅगेतल्या कुठल्याही औषधापेक्षा त्या जास्त कामाच्या.

"मॅडम, आम्ही काणकोणच्या किनाऱ्यानं चालत जाणार, मग एक दिवस आत कोटीगावला. उन्हाचे गोळे येतात म्हणून एनर्जी ड्रिंकचे कॅन नेतो, ते ओआरएस म्हणून चालतात ना? आणि जेलीफिश लागली तर?" (कॉलेजचा विद्यार्थी, मडगाव)

नाही रे, नाही चालत. एनर्जी ड्रिंकमध्ये साखर भरपूर आणि कॅफीन, मीठ नावाला. ओआरएसचं सगळं गणितच साखर आणि मिठाच्या प्रमाणात आहे, आतड्यात ग्लुकोजबरोबर सोडियम आत ओढलं जातं आणि त्यांच्यामागून पाणी, साखर जास्त झाली की उलट पाणीच बाहेर येतं आणि जुलाब वाढतात. डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात एका लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम सायट्रेट असतं. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी सलाइन संपल्यावर ग्लुकोज-मिठाचं पाणी पाजून कॉलराची माणसं वाचवली, तेव्हापासून जगभर ह्या साध्या पुडीवर विश्वास बसला. बाजारात खोक्यातून नाव ओआरएससारखं असलेली गोड सरबतं खूप वर्षं विकली गेली, शेवटी 2025 च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली. तू फार्मसीतून घेताना पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का तेवढं बघ.

लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच, अख्खी. अर्धी पुडी बाटलीत टाकून अंदाजानं करायचं नाही, त्यापेक्षा 200 एमएलच्या छोट्या पुड्या घे, वजन तेवढंच आणि बाटलीत बरोबर बसतात. केलेलं 24 तासांनी ओतून टाक. आणि सकाळी निघताना घरी पेज खाऊन निघ, मीठ घातलेली, वर आंब्याचं लोणचं, उन्हात चालायला त्यासारखं दुसरं नाही.

जुलाब झाले तर आधी ओआरएस. लोपेरामाइडच्या दोन-चार गोळ्या ठेवायच्या त्या कदंबाच्या बसमध्ये बसून घरी यायचंय एवढ्यासाठीच, ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर ती घ्यायचीच नाही. अँटिबायोटिक आपल्या मनानं नको, काउंटरवर मागितलंस तर मी तरी देणार नाही.

उन्हाचे गोळे म्हणजे शरीर सांगतंय थांब. सावलीत बसवायचं, पाणी, स्नायू हळू ताणायचा. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, अंग चटका बसेल असं तापलं तर तो उष्माघात, तिथे पाणी पाजत बसायचं नाही, कपडे सैल करून अंगभर पाणी ओतायचं, वारा घालायचा, समुद्र जवळ आहे तर कडेला उथळ पाण्यात धरून बसवायचं, डोकं वर धरून, आणि 108. उष्माघाताला पॅरासिटामॉल लागू पडत नाही, तो ताप वेगळा.

जेलीफिश लागली तर चोळायचं नाही, वाळू घासायची नाही, गोडं पाणी ओतायचं नाही. समुद्राच्याच पाण्यानं धुवून चिकटलेले धागे चिमट्यानं काढायचे, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं, साधारण 45 अंश, त्याहून कढत नको. लागल्यावर श्वास अडकतोय, छातीत दुखतंय असं झालं तर लाइफगार्डला हाक मार. गरम पाण्याची हीच युक्ती वाघळीचा, म्हणजे स्टिंगरे माशाचा, काटा लागला तरी चालते, फक्त काटा खोल रुतला असेल तर ओढू नको.

"वाळपईच्या बाजूला माकडतापाची भीती घालतात. डिसेंबरात ट्रेक ठेवलाय, रद्द करू का? किटमध्ये काही औषध ठेवता येतं का?" (एक वाचक, वाळपई)

रद्द करायची गरज नाही, पण तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत, कारण पावसाळा संपला की लोकांना वाटतं रान आता सुरक्षित. माकडताप म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात सापडला म्हणून ते नाव, आणि आपल्या सत्तरी तालुक्यात 2015 मध्ये पाली गावात रोगी सापडले, त्यात काजूच्या हंगामात बागेत काम करणारी माणसं होती. पसरतो गोचिडीतून, आणि मोसम साधारण डिसेंबर ते मे. ह्यावर नेमकं औषध नाही, त्यामुळे किटमध्ये ठेवण्यासारखी गोळी नाही, जे करायचं ते चावू न देण्याचंच.

पूर्ण बाह्या, फिकट रंगाचे कपडे म्हणजे गोचीड चटकन दिसते, पँट मोज्यात खोचलेली, डीट असलेलं रिपेलंट उघड्या कातडीवर, आणि पालापाचोळ्यात ऐसपैस बसायचं नाही. ह्या मोसमात चावतात ती बहुतेक गोचिडीची पिल्लं, खसखशीच्या दाण्याएवढी, नुसत्या नजरेला तीळ वाटतो. म्हणून संध्याकाळी एकमेकांची मान, कानामागे, काख, जांघ, गुडघ्यामागे टॉर्चनं बघायचं. सापडली तर त्या बारीक चिमट्यानं कातडीला अगदी लागून, तोंडाजवळ धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही, केरोसीन, नेलपॉलिश लावायचं नाही. मग साबणानं धुवा. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात.

चावल्यावर तीन ते आठ दिवसांत एकदम जोराचा ताप, कपाळ फुटेल असं डोकं, अंग मोडून येणं, हे झालं की डॉक्टरकडे जाऊन पहिलं वाक्य हेच, की मी अमुक दिवशी अमुक रानात होतो. फक्त 'ताप आहे' म्हटलं की डेंग्यूच्या तपासण्यांवरच थांबतं. ताप कशाचा ते कळेपर्यंत पॅरासिटामॉलच, आयब्युप्रोफेन-अॅस्पिरिन नाही. पावसाळ्यात पायाला जखम असताना चिखला-पाण्यातून चाललात आणि नंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर लेप्टोसाठीही (लेप्टोस्पायरोसिस, घाणेरड्या पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप) हेच वाक्य. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, जागा लक्षात ठेवून वनखात्याला किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा, तुमच्या त्या एका फोननं गावातली माणसं वाचतात.

"खाजकुयली लागली तर काय करायचं?" (एक वाचक, पेडणे)

आधी हात लावायचा नाही आणि पाणीही ओतायचं नाही, चोळलं की कुसं आणखी आत रुततात. कार्डाला गुंडाळलेली चिकटपट्टी काढून लागलेल्या जागी दाबा आणि झटक्यात ओढा, नवा तुकडा, परत, कुसं पट्टीला चिकटून येतात. मग साबण-पाणी, सेट्रिझिन, आणि कपडे बदला कारण त्यात कुसं असतातच. हुमले, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्या, किंवा मधमाशी चावली तरी सेट्रिझिन, मधमाशीचा काटा मात्र कसाही पण लगेच काढा, जितका वेळ आत तितकं विष जास्त. ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, धाप लागली तर तो गोळीचा विषय नाही, 108. आग्या मोहोळ उठलं तर किट उघडत बसू नका, डोकं झाकून पळा. आणि ज्यांना आधी असं झालंय त्यांनी अॅड्रिनलिनच्या इंजेक्शनबद्दल आपल्या डॉक्टरांशी ट्रेकच्या आधीच बोलून घ्या.

"किट स्कूटरच्या डिकीत कायमचं ठेवलं तर चालेल का? दर वेळी भरायचा कंटाळा येतो." (एक वाचक, वास्को)

नाही चालणार. उन्हात लावलेल्या स्कूटरची डिकी भयंकर तापते आणि बहुतेक गोळ्यांच्या पाकिटावर 25 नाहीतर 30 अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. मलमाची ट्यूब वितळून तेल वेगळं होतं, चिकटपट्टीचा डिंक पाघळतो आणि कामाच्या वेळी नुसतं कापड हातात येतं. कपाटात ठेवा, आत सिलिकाचं छोटं पाकीट टाका, नव्या बुटांच्या खोक्यात येतं ते चालेल. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं तेही पेन्सिलीनं त्याच कागदावर लिहून ठेवा, दहा वर्षं होऊन गेली असतील तर ट्रेकच्या आधी आरोग्य केंद्रात जाऊन घेऊन टाका. पावसाच्या आधी मे महिन्यात आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात, वर्षातून दोनदा सगळं टेबलावर काढून एक्सपायरी बघा, गॉजच्या पाकिटाची कड सुटली असेल तर ते आता निर्जंतुक नाही, भांडी पुसायला घ्या. ओआरएसची पुडी बोटांनी दाबून बघा, आत गोळा झालेला लागला तर टाकून द्या आणि नवी घ्या, वीसेक रुपयांची तर वस्तू आहे.